यादीतला न सापडणारा लेख

आज प्रकल्प तपासताना एका संदर्भसूचीतला लेख कुठेच सापडेना. नियतकालिक खरं, लेखक खरा, पण असा लेख त्यानं कधी लिहिलेलाच नाही. विद्यार्थिनीला बोलावलं. ती म्हणाली, "मॅडम, चॅटजीपीटीनं दिला होता. तो खोटं का सांगेल?"

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला. कारण तो खोटं सांगत नाही, खरंही सांगत नाही. पुढे कोणता शब्द शोभेल, याचा अंदाज बांधतो. संदर्भाचा साचा त्याला पाठ असतो, त्यात भरलेला तपशील खरा असेलच असं नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी असेच अस्तित्वात नसलेले निवाडे सादर केले आणि ५,००० डॉलरचा दंड भरला. ते तर अनुभवी वकील होते!

एआयनं लिहिलेला मजकूर ओळखणाऱ्या साधनांवरही माझा भरवसा नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनं स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. अशा साधनाच्या निकालावरून एखाद्या मुलावर चोरीचा शिक्का मारणं मला अन्यायाचं वाटतं.

मग आम्ही दोघी बसलो. तिनं मूळ लेख शोधले, वाचले, आणि आपलाच एक मुद्दा स्वतःहून खोडला. तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा होता. एआयकडून अवघड संकल्पना समजून घ्या, मसुद्यातल्या त्रुटी विचारा, खुशाल. पण वापर कुठे केला ते प्रकल्पात लिहा, आणि न वाचलेला संदर्भ देऊ नका. तिची नवी यादी सोमवारी येतेय.