जुना डिटेक्टर, नवा डिटेक्टर आणि खिळ्यांनी भरलेलं शेत

5 जुलै 2009 रोजी इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरमध्ये टेरी हर्बर्ट यांना एका शेतात अँग्लो-सॅक्सन सोन्याचा प्रचंड साठा सापडला, तेव्हा त्यांच्या हातातलं मेटल डिटेक्टरचं (जमिनीतला धातू शोधणारं) मशीन 14 वर्षं जुनं होतं. तेव्हापासून ‘जुनं मशीन काही कमी नसतं’ याचा दाखला म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. दाखला खरा आहे, पण त्यातून निष्कर्ष नीट काढायला हवा.

नवं मशीन घेणारा पहिला प्रश्न विचारतो, किती खोल बघतं? खरं तर इथेच जुन्या-नव्यातला फरक सगळ्यात कमी आहे. कॉइलचं (मशीनच्या टोकाच्या तबकडीतल्या तारेच्या वेटोळ्याचं) चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होत जातं आणि नाण्याकडून परत येणारा संकेतही तसाच विरतो. म्हणजे एकूण संकेत अंतराच्या सहाव्या घातानं घटतो. खोली दुप्पट करायची तर 64 पट संकेत हवा. 25 सेंटीमीटरवरून साडेसत्तावीसवर जायचं म्हटलं, तरी पाऊणपटीहून जास्त वाढ लागते. म्हणून 1980 च्या दशकातलं चांगलं व्हीएलएफ (अगदी कमी फ्रिक्वेन्सीवर चालणारं) मशीन स्वच्छ जमिनीत आजही मान खाली घालत नाही. 1960 च्या दशकातली बीएफओ (दोन लहरींच्या फ्रिक्वेन्सीतल्या फरकावर वाजणारी) मशीनं मात्र संग्रहापुरतीच घ्यावीत. नाण्यावर ती काही इंचांपुढे जात नाहीत, आणि कॉइल वर-खाली झाली की सूर बदलतो.

खरा फरक कळतो तो लोखंडाच्या शेजारी. जुन्या घराची जागा, वाटेची कड, जत्रेचं मैदान, जिथे माणसं वावरली तिथे खिळे असतातच. डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूवर गप्प राहण्याची सोय) वाढवलेलं जुनं मशीन खिळ्यावर गप्प होतं आणि त्या गप्प बसण्यातून बाहेर यायला त्याला वेळ लागतो. तेवढ्यात कॉइल शेजारच्या नाण्यावरून पुढे गेलेली असते. नव्या मशीनमध्ये हा सावरण्याचा वेग हवा तसा बदलता येतो.

हे घरीच तपासता येतं. एका फळीच्या मधोमध ब्रिटिश 5 पेन्सचं नाणं ठेवा, पण 2012 च्या आधीचं. नंतरची नाणी निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाची आहेत, त्यांच्यावर चाचणी फसते (लोहचुंबक लावून बघा). 18 मिलिमीटर व्यासाचं हे नाणं आकारानं मध्ययुगीन पेनीच्या जवळ जातं. दोन्ही बाजूंना 5 सेंटीमीटरवर एकेक खिळा आडवा ठेवा. खिळा जेमतेम गप्प होईल एवढंच डिस्क्रिमिनेशन ठेवून कॉइल 10 सेंटीमीटर उंचीवरून फिरवा, आधी खिळ्यांना आडवी, मग उभी. नाणं अजिबात वाजत नसेल किंवा नुसती खरखर येत असेल, तर डिस्क्रिमिनेशन थोडं-थोडं उतरवा. कुठे सूर परततो, ती जागा बटणाशेजारी पेन्सिलीनं खुणेनं दाखवून ठेवा. वेगात फिरवावी लागणारी जुनी मशीनं इथे मार खातात. टेसोरो या कंपनीची साधी, एकाच सुराची मशीनं संथ फिरवली तरी नाणं पकडतात, म्हणून जुन्यातलं घ्यायचंच तर आमची पसंती त्यांना.

समुद्रकिनाऱ्यावर तुलनेला जागाच नाही. ओल्या खारट वाळूत एका फ्रिक्वेन्सीचं मशीन मीठ तरी सांभाळतं किंवा जमिनीतली खनिजं तरी. दोन्ही एकदम हवं असेल तर अनेक फ्रिक्वेन्सीचं मशीनच लागतं.

जुनं मशीन बघायला जाल तेव्हा सेलचा खोका आधी उघडा. स्प्रिंगवर पांढरी पूड असेल तर अल्कलाइन सेल गळलाय. कापसाच्या बोळ्यानं व्हिनेगर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, पूर्ण कोरडं झाल्यावर नवे सेल. रिचार्जेबल घालणार असाल तर हिशोब करा: 8 साधे सेल 12 व्होल्ट देतात, 8 रिचार्जेबल 9.6, त्यामुळे बॅटरी-चाचणीची सुई पहिल्या मिनिटालाच खाली दिसते. मग मशीन चालू ठेवून वायर कॉइलमध्ये शिरते तिथे हळूच वाकवा. आवाज तुटला तर आतली तार तुटलेली आहे. कॉइलला बोटानं टिचकी मारा. प्रत्येक टिचकीला बीप आला तर आतलं रेझिन सुटलंय किंवा पाणी गेलंय. बटण फिरवताना होणारी खरखर मात्र काँटॅक्ट क्लीनरनं जाते, त्यासाठी मशीन नाकारू नका. कॉइलच मेली असेल तर सोडून द्या. टेसोरो 2018 मध्ये बंद झाली, व्हाइट्स ही दुसरी डिटेक्टर कंपनी 2020 मध्ये. दुसऱ्या मॉडेलची कॉइल खोबणीत बसली तरी फ्रिक्वेन्सी जुळत नाही.

नव्या मशीनचे त्रास वेगळे. पडद्यावरच्या आकड्यावर फार विश्वास बसतो. मोठी गंजकी लोखंडी कडी चांदीसारखा उंच आकडा देते, आणि सोन्याची बारीक अंगठी डब्याच्या झाकणाच्या कडीच्या आकड्यांत जाऊन बसते. वायरलेस हेडफोनमध्ये आणखी एक खोट आहे: साध्या ब्लूटूथवर आवाज दीडशे मिलिसेकंदांनी उशिरा आला आणि कॉइल सेकंदाला एक मीटर फिरत असली, तर सूर ऐकू येईपर्यंत ती 15 सेंटीमीटर पुढे गेलेली असते. खड्डा चुकीच्या जागी पडतो. वायरचा हेडफोन लावा, नाहीतर कंपनीचा कमी विलंबाचा जोड घ्या.

मशीन कुठलंही असो, इंग्लंडमध्ये जमीनमालकाची परवानगी आधी. 1996 च्या ट्रेझर ॲक्टखाली येणारी वस्तू असेल तर 14 दिवसांत कळवावं लागतं. सुट्टीत महाराष्ट्रात मशीन आणायचा विचार असेल तर नियम इथेही कडक आहेत. 1878 चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून लागू आहे, 10 रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. संरक्षित किल्ल्यावर परवान्याशिवाय खणताच येत नाही.

हंगाम संपला की जुन्या मशीनचे सेल त्याच दिवशी काढून ठेवा. नव्यातली लिथियम बॅटरी मात्र पूर्ण रिकामी करून ठेवू नका, अर्धी भरलेली ठेवा आणि दर काही महिन्यांनी बघत राहा.