चौथ्या पायरीखालची सूचना

गोदामातील मालाचा हिशेब ठेवणाऱ्या एका अ‍ॅप्लिकेशनची वापरपुस्तिका मी लिहिली होती आणि प्रकाशनापूर्वीच्या चाचणीसाठी ती एका गोदाम-लेखनिक बाईंपुढे ठेवून मी शेजारी गप्प बसले होते. अशा चाचणीत लेखकाने बोलायचे नसते, कारण त्याने तोंड उघडले की पुस्तिकेची परीक्षा संपते आणि त्याची शिकवणी सुरू होते.

बाईंना चुकून हटवलेली एका वस्तूची नोंद परत आणायची होती. अनुक्रमणिकेत त्यांनी ‘हटवलेली नोंद’ शोधली. ती नव्हती, कारण प्रकरणे मेनूच्या क्रमाने लावली होती. हा क्रम अ‍ॅप्लिकेशन बनवणाऱ्या विकासकांच्या आग्रहाचा. आपण बांधलेली प्रत्येक खोली पुस्तिकेत दिसावी असे त्यांना वाटते. आत येणारा माणूस कशासाठी आला आहे, हे विचारायचे क्वचितच सुचते. अखेर बाई ‘बॅकअप आणि रिस्टोअर’ या प्रकरणापाशी थांबल्या आणि ओळीवर बोट ठेवून एकेक पायरी करू लागल्या. चौथी पायरी होती, ‘रिस्टोअर बटण दाबा’. त्याखाली मी ठळक अक्षरांत लिहिले होते की, यामुळे बॅकअपनंतरच्या सर्व नोंदी पुसल्या जातील. बाईंचे बोट त्या ओळीवर आले तेव्हा बटण दाबून झाले होते.

चाचणीची प्रत होती म्हणून निभावले. तरी तीन दिवसांच्या नोंदी डोळ्यांदेखत गेल्या. “माझंच चुकलं, आधी सगळं वाचायला हवं होतं,” असे त्या म्हणाल्या, आणि ते वाक्य मला अजून सोडत नाही. त्यांनी पुस्तिका जशी वापरायची तशीच वापरली होती. आमचे लेखन २००५ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘डिटा’ (DITA) या तांत्रिक लेखनाच्या ठरीव रचनेत होते. तिच्यात पूर्वअटींची जागा पायऱ्यांच्या आधी नेमलेली आहे, आणि एखाद्या पायरीपुरता धोका असेल तर सूचना कृतीच्या वाक्याआधी घालण्याचीही सोय आहे. हे मी नवख्या लेखकांना शिकवते. त्या दिवशी मात्र बटणाचा परिणाम बटणानंतर सांगणे मला ओघाचे वाटले होते.

सूचना मी त्याच संध्याकाळी बटण दाबण्याच्या वाक्याच्या वर नेली. परंतु मुळात एक नोंद परत आणू पाहणाऱ्या माणसाला ‘रिस्टोअर’ हा शब्दच फसवतो, म्हणून बटणावर ‘संपूर्ण डेटा बदला’ असे लिहावे, असे मी सुचवले. पडद्यावरील मजकूर गोठवला गेला आहे, आता बदल केल्यास सर्व भाषांतरे पुन्हा करावी लागतील, असे उत्तर आले. ते खोटे नव्हते. त्यापुढचे वाक्य मात्र या व्यवसायात मी असंख्य वेळा ऐकले आहे: “मॅन्युअलमध्ये लिहून टाका ना.” बांधकामातील खड्डा बुजवण्याऐवजी त्याच्याशेजारी उभे राहून ओरडण्याचे काम आमच्याकडे येते, आणि आम्ही चांगले ओरडलो तर खड्डा आणखी काही आवृत्त्या तसाच राहतो.

मी मग ‘हटवलेली एक नोंद परत आणणे’ असे स्वतंत्र शीर्षक घातले आणि त्याखाली लिहिले: ‘या आवृत्तीत अशी सोय नाही. नोंद पुन्हा हाताने भरावी. रिस्टोअर वापरू नये.’ हे वाक्य विक्रीला मारक आहे, ते काढावे, असा शेरा त्यावर पडला आहे. मी ते अद्याप काढलेले नाही.