कुसळीच्या बीडात मेंढरं का शिरत नाहीत

मी इंदूरला रेंजलँड इकॉलॉजी शिकते, म्हणजे चराऊ माळरानं, त्यातलं गवत, त्यावर जगणारी जनावरं आणि माणसं. आजी शेजारच्या काकूंना "गवताचं काहीतरी करते" एवढंच सांगते आणि खरं सांगायचं तर मलाही याहून बरं सांगता येत नाही. 1973 मध्ये दबडघाव आणि शंकरनारायण यांनी देशभरातल्या गवताळ जमिनी पाच प्रकारांत बसवल्या आणि आपला माळवा सेहिमा-डायकॅन्थियम (ही दोन गवतांची नावं) या प्रकारात येतो, हे मी तिला एकदा जेवताना सांगितलं, तर ती म्हणाली, "दबडघाव? आपल्यातलेच दिसतायत," आणि भाजी वाढायला लागली. विषय तिथेच संपला.

असो. सांगायचंय ते गेल्या ऑक्टोबरच्या शेवटाचं. रतलामच्या पुढे सैलान्याकडे बीडं आहेत, बीड म्हणजे राखून ठेवलेलं गवताचं रान, पावसाळाभर वाढू द्यायचं आणि मग कापून पुळे बांधायचे. त्यातल्या एका बीडात आमची बॅच कामाला गेली होती. काम म्हणजे एक मीटर बाय एक मीटरची पाइपची फ्रेम टाकायची, आतलं सगळं गवत विळ्याने बुडापासून कापायचं, जात पाहून वेगळं करायचं, सेहिमा एका पिशवीत, मारवेल दुसरीत, कुसळी तिसरीत, वजन करायचं, पिशवीवर मार्करने नंबर टाकायचा आणि लॅबमधल्या ओव्हनमध्ये वजन बदलायचं थांबेपर्यंत सुकवायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण ऑक्टोबरच्या उन्हात दुपारपर्यंत कंबर आहे की गेली ते कळत नाही. त्यात मोज्यांत शिरणारं कुसळीचं टोकदार बी. कितीही जाड घाला, आत येतंच.

मग हिशोब. फ्रेममधून सुकं गवत 240 ग्रॅम निघालं तर हेक्टरी 2400 किलो. त्यातलं निम्मं जमिनीला आणि पुढच्या वर्षीच्या फुटव्याला ठेवायचं, निम्मं जनावराला, म्हणजे 1200 किलो. मेंढी दिवसाला साधारण किलोभर सुकं खाते. म्हणजे तीनशे मेंढ्यांचा कळप एका हेक्टरवर चार दिवस. आम्ही हे वहीत मांडून झाडाखाली डबे उघडून बसलो होतो आणि स्वतःवर बऱ्यापैकी खूश होतो.

तेवढ्यात कडेच्या रस्त्याने मेंढ्या आल्या. मारवाडातून माळव्यात उतरणारे रबारी मेंढपाळ, लाल पागोटं, मागे ऊंट, त्यावर खाट बांधलेली. गंमत अशी की बीडाला कुंपण म्हणून जे काही होतं ते अर्धं पडलेलं, आत छातीएवढं गवत, आणि कळपासोबतचे रबारी बाबा मात्र काठी आडवी धरून मेंढ्यांना आत जाऊ देत नव्हते. कापून झालेल्या पट्ट्यात आणि रस्त्याच्या कडेला ती जनावरं कसलं तरी बोटभर हिरवं कुरतडत होती. आम्हाला वाटलं बीडाचा ठेकेदार आत सोडत नसेल. माझ्या मैत्रिणीने विचारलंच. ते म्हणाले, ठेकेदार तर स्वस्तात द्यायला तयार आहे, मलाच नको.

आणि मग त्यांनी एक मेंढी पकडून आमच्यासमोर आडवी केली. एक डोळा मिटलेला, खाली पाण्याचा ओघळ. अंगठ्याने खालची पापणी ओढली, पागोट्याच्या टोकाने आत पुसलं आणि चिमटीत धरून बाहेर काढलं ते कुसळ. शाळेत "दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ" घोकलं होतं, प्रत्यक्ष डोळ्यातलं तेव्हाच बघितलं. बी तांबूस, टोकाला सुईसारखं अणकुचीदार, त्यावर उलटे बारीक केस आणि मागे पीळ पडलेली काळपट शेपटी. त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं, वर बाटलीतलं थोडं पाणी टाकलं आणि "अब देख" म्हणाले. शेपटीचा पीळ उलगडायला लागला आणि बी हातावर हळूहळू गोल फिरायला लागलं. दव पडलं की उलगडतं, ऊन चढलं की परत पीळ घेतं, असं करत करत ते जमिनीत शिरतं, आणि जमीन नाही मिळाली तर लोकरीत, कातडीत. उलट्या केसांमुळे मागे काही येत नाही. हे सगळं मी वाचलेलं होतं, परीक्षेत आकृतीसकट लिहिलं होतं. हातावर फिरताना पाहिलं तेव्हा मात्र अंगावर काटा आला.

बाबांचं म्हणणं, हेच गवत कोवळं असताना त्यांच्या मेंढ्या आवडीने खातात, पण एकदा कुसळ धरलं की हे रान त्यांच्यासाठी नाही. गाई-म्हशींचं तेवढं बिघडत नाही, मेंढीची लोकर धरून ठेवते. आमच्या त्या 2400 किलोत निम्म्याच्या वर कुसळी होती. आणि ती बाजूला काढली तरी फुलोऱ्यानंतर गवतातलं प्रोटीन झपाट्याने उतरतं, सात टक्क्यांच्या खाली गेलं की पोटात गवत पचवणारे जंतू धड काम करत नाहीत, जनावर पोट भरून खातं आणि तरी खंगतं. म्हणजे तीनशे मेंढ्या चार दिवस वगैरे सगळं वहीपुरतं.

आता, बाबांचं सगळंच मला पटलं असंही नाही. ते म्हणाले, रान पेटवून दिलं की गवत चांगलं येतं. येतं, कोवळे कोंब येतात, पण वरचेवर जाळलं की कुसळीच वाढत जाते, तिचं बी मातीत सुरक्षित असतं. हे मी बोलले तर ते हसले आणि चहा विचारला. उंटाच्या दुधाचा होता, किंचित खारट, मला आवडला.

परत आल्यावर सरांना सांगितलं की हिशोबात नुसतं किती गवत ते नको, कुठल्या महिन्यातलं आणि कुठल्या जनावरासाठी तेही हवं. सर म्हणाले बरोबर, मग ऑगस्टमध्ये कापणी करा, कुसळ धरायच्या आधी. पण ऑगस्टमध्ये त्याच पट्ट्यात तणमोर हा पक्षी विणीला येतो, हिंदीत खरमोर, नर गवतातून उड्या मारतो तोच. त्याच्यासाठीच सैलान्याला 1983 मध्ये अभयारण्य केलं, आणि अभयारण्याबाहेरच्या बीडांतही तो येतो. त्या दिवसांत आम्ही दहा जण विळे घेऊन गवत तुडवत फिरणार का? मला तर ते योग्य वाटत नाही. सध्या तणमोर येत नाही असं एखादं बीड शोधतोय, गवत मात्र तसलंच हवं. सरांनी परवानगीचा अर्ज मलाच लिहायला सांगितलाय.