एकसष्ट छर्रे

पोरं काल दुपारच्या गाडीनं पुण्याला गेली. आज गुडघा फारच ठणकायला लागला म्हणून कोनाड्यातली बामची डबी उघडली, तर आत बाम नाही, एअरगनचे छर्रे. ताटात ओतून मोजले. एकसष्ट भरले. तळाशी वहीच्या कागदाची घडी. "आज्जा, हे शिल्लक." अक्षर थोरल्याचं.

ही म्हणाली, बरं झालं की, पुढच्या खेपेला होतील. मी काही बोललो नाही. जेवण नीट गेलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत रोज सकाळी दोघांना वीस-वीस छर्रे वाटीत मोजून द्यायचो. गोठ्यामागं फितीनं दहा मीटर आखून घेतलेत. मागं मातीची पोती, त्यापुढं जुन्या गोधडीची घडी, तिच्यावर टार्गेटचा कागद. धाकटीला बंदुकीची नळी दुमडून ओढायची ताकद नाही, त्यामुळं तिच्या प्रत्येक बाराला मी लागतो. वाटी रिकामी झाली की ती "अजून" म्हणून हात पुढं करणार. थोरल्याचं सगळं सावकाश, एकट्यानं. त्याचं टार्गेट आणून बघावं तर चौदा भोकं. कधी तेरा. कागदाच्या बाहेर एकही खूण नाही. मग बाकीचे गेले कुठं?

मीच म्हणायचो, एकाच भोकातून दोन-दोन गेले. मनापासून म्हणायचो. साडेचार मिलिमीटरचा छर्रा, त्यात पोराचा हात स्थिर, का जाणार नाहीत? गावात चार जणांना सांगितलं. टार्गेटं घडी घालून ट्रंकेत ठेवली. तो मान खाली घालून नळी पुसत बसायचा. मला वाटलं, लाजतोय.

तो खिशात टाकत होता.

पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं होतं, "आज्जा, एक छर्रा केवढ्याला पडतो?" मी आपलं सरळ सांगून टाकलं. पाचशेचा डबा साडेपाचशेला आणला, म्हणजे एक रुपया दहा पैसे. वर हेही सांगितलं की वर्षभर काही हा डबा पुरायचा नाही. कशाला सांगितलं?

आणि मग ते शिशाचं. माळ्यावरून बाबांचा साचा काढला. बाबांची ठासणीची बंदूक पीकसंरक्षणाच्या परवान्यावर होती. आमचं शिवार बेळगावाकडच्या जांबोटीच्या बाजूला, भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरणारच. बाबा गेल्यावर बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली, साचा मागं राहिला. पकडीसारखा आहे, मिटला की आत गोळीएवढी पोकळी. पोत्यातलं चेपलेलं शिसं चाळून काढलं, आधी तव्यावर कोरडं करून घेतलं. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला तर ते तोंडावर उडतं, हे बाबांनी मारून शिकवलंय. परड्यात चूल मांडली. सूनबाईनं पोरांना ओसरीवरूनच बघायला लावलं, पुढं येऊ दिलं नाही. तिचं बरोबर आहे. शिसं पोरांच्या मेंदूला वाईट. छर्रे हाताळले की साबणानं हात धुतल्याशिवाय ती घासाला हात लावू देत नाही.

शिसं ३२७ अंशांना वितळतं. वर करडी साय येते ती बाजूला सारायची, खाली आरशासारखं चकचकतं. साचा चिमणीच्या काजळीवर धरून घेतला, म्हणजे शिसं चिकटत नाही. पहिल्या दोन गोळ्या सुरकुतलेल्या निघाल्या, साचा थंड होता. तिसरी बोरासारखी गोल, चकचकीत. शेपूट कापून टाकली आणि निवल्यावर लांबूनच थोरल्याला दाखवली.

"ही आपल्या बंदुकीत जाईल?"

नाही जात. ती ठासणीची, चांगली बोराएवढी. आपल्या छऱ्याची कंबर बारीक, खालचा घेर पोकळ. हवा त्या घेरात भरते, घेर फुगून नळीच्या आट्यांना धरतो, म्हणून तो सरळ जातो. तसला घेर बाबांच्या ह्या साच्यात उतरत नाही, कारखान्यात तो दाबून काढतात. मग काडतूसच घरी भरलं तर, म्हणाला. ते तर बिनपरवाना करायचंच नाही, १९५९ चा शस्त्र कायदा आहे. म्हणजे शिसं आहे, साचा आहे, आणि छर्रा विकतच आणायचा. तो "हं" म्हणाला. त्या "हं"मध्ये सगळं होतं, माझ्या लक्षात आलं नाही.

माझे पैसे वाचावेत म्हणूनच ठेवले असणार. पेन्शनचं त्यानं कुठून ऐकलं असेल? रात्री आम्ही दोघं बोलतो तेव्हा? त्याच्या बापाशी यंदा जे बोलणं झालं ते इथं लिहीत नाही.

मोजायची सवय माझीच. बाबा रात्री राखणीला जाताना तीन गोळ्या नेत आणि सकाळी तिन्हींचा हिशेब देत. पलटणीत फायरिंग संपल्यावर खाली खोकी, म्हणजे रिकामी काडतुसं, मोजून घेत. एक कमी भरलं तर सगळी प्लाटून गुडघ्यावर बसून गवत चाळायची. मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, दुरुस्त ट्रिगर, हे मी शेकडो रंगरुटांकडून घोकून घेतलं. पलटणीत शिस्त म्हणजे नेम. ते पोराला द्यायचं होतं. आणि दिलं काय, तर छऱ्याचा दर.

त्याच्या कपाटावर नेमबाज स्वप्नील कुसाळेचा फोटो आहे. आपल्या शेजारचाच, कोल्हापूरच्या कांबळवाडीचा. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकारात, ब्राँझ आणलं त्यानं. एअर रायफलची मॅचच ६० बारांची असते आणि त्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. तिथवर बोट पोचायला हजारो बार उडवावे लागतात. वीसातले सहा राखून ठेवणाऱ्या पोराचं बोट कधी शिकणार? शिकवणारा म्हणून हेच मला लागलंय. दुसरं काही नाही. दुसरंही आहे, पण हे जास्त.

नऊ वाजता फोन लावला.

"रागावलास काय आज्जा?"

"का ठेवलेस रे?"

"डबा संपला की तू बंदूक ट्रंकेत ठेवशील म्हणून. मे महिन्यापर्यंत पुरायला नकोत?"

मला पुढचं सुचेना. मी दिवसभर काय काय समजत बसलो होतो. त्याला पैसे वाचवायचे नव्हतेच. मे महिन्यात डबा रिकामा निघू नये, एवढंच त्याच्या मनात. सांगितलं, डबा आणीन, दोन आणीन, तू वाटी रिकामी करायची. बरं म्हणाला. मग मला राहवेना.

"आणि ते एका भोकातून दोन?"

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाला, "ते तू म्हणायचास. पण एकदा खरंच गेले, आज्जा. शेवटच्या दिवशी. मी लगेच बघून आलो होतो."

फोन ठेवून ट्रंक उघडली. शेवटच्या दिवशीचं टार्गेट सगळ्यांत वर होतं. बल्बासमोर धरलं. दहाच्या किंचित डावीकडं एक भोक आहे, बाकीच्यांसारखं गोल नाही, पावट्याच्या दाण्यासारखं लांबट. डबीतला एक छर्रा घेऊन त्याच्या एका टोकाला बसवून बघितला. बसला. मग दुसरा घेतला.