डिकीतला ड्रॉवर : आजचा हिशेब
उद्यमनगरात आजचा दिवस ३ सिरीज बीएमडब्ल्यूच्या डिकीत ड्रॉवरची प्लायची पेटी बसवण्यात गेला. दीड तास नुसता पुठ्ठ्यावर! डिकीच्या भिंती सरळ नसतात, चाकाच्या कमानीजवळ आत येतात. टेपनं माप घेतलं की पेटी अडकलीच म्हणून समजा. आधी पुठ्ठा कापायचा, बसवून बघायचा, मगच प्लायला हात लावायचा.

प्लाय १२ मिमी, आयएस ७१० मरीन, म्हणजे पाण्याला दाद न देणारा. साधा प्लाय आपल्या पावसाळ्यात फुगतो आणि ड्रॉवर जाम होतो. कापताना प्रत्येक बाजूनं ६ मिमी कमी करा: ४ प्लायवर चिकटवायच्या कार्पेटचे, २ हवेचे. हे ४ मिमी सगळेच विसरतात, मग रंधा शोधत बसतात. कार्पेटला आणि प्लायला, दोन्हीकडं सोल्युशन (रबरी गोंद) लावून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. बोटाला चिकटेनासं झालं की दाबायचं. ओलं असताना दाबलं तर उन्हात गाडी तापली की कडा सुटणारच.

डिकीच्या तळाला ड्रिल अजिबात नको. या गाडीची बॅटरी डिकीतच उजव्या बाजूला, शिवाय आत वायरिंग. पेटी कंपनीच्या मूळ हुकांनाच पट्ट्यानं आवळायची आणि बॅटरीवर उघडतं झाकण ठेवायचं. नाहीतर बॅटरी बदलायला अख्खी पेटी बाहेर.

ड्रॉवर ज्यावर सरकतो ती रेल कुलूपवाली घ्या, साधी रेल चढावर आपोआप उघडते. खडखड आली तर कडेला नमदा (जाड लोकरी कापड) चिकटवा. एवढ्या महागड्या गाडीत प्लाय वाजलेला कानाला लई टोचतो.