तासाला सोडत नाहीत म्हणे

आज लेक शाळेतून आली ती दप्तर फेकून थेट बाथरूममध्ये, आणि पाण्याची बाटली तशीच भरलेली. विचारलं तर म्हणते, पाणी प्यायलं की शू लागते आणि टीचर तासाला सोडत नाहीत, मग मी पीतच नाही. सात वर्षांच्या पोरीने शोधलेला उपाय! अहो या वयात मूत्राशयात मावतं किती, साधारण 270 मिली, आणि रोज असं दाबून ठेवलं, वर पाणीही कमी, की युरिन इन्फेक्शन काय, बद्धकोष्ठता काय, सगळं मागे लागतं. मोठ्या मुलींचं पाळीच्या दिवसांत तर विचारूच नका, अख्ख्या वर्गासमोर कारण सांगत बसायचं?

टीचरची बाजू पण कळते हां, एकाला सोडलं की मागोमाग चार जण उठतात, त्यातले दोन तर नुसते व्हरांड्यात टाइमपास करायला. पण मग एका वेळी एकच जा म्हणा ना, सरसकट नाही कशाला? मधल्या सुट्टीत जा म्हणे, तिथे रांग केवढी असते ते बघा आधी. आपण मीटिंगमधून उठतो तेव्हा परवानगी मागतो का कोणाची?

उद्या टीचरना भेटतेय. भांडायला नाही, बोलायला. बघू.