आमची वाटचाल: सपाट कापडापासून क्रेटमधल्या पार्टपर्यंत

सोलापुरात कॅमेऱ्याचं काम सुरू केलं ते टॉवेलच्या कारखान्यांसाठी, विणीत धागा तुटला, डाग पडला की कॅमेरा दाखवणार. कापड सपाट, त्यामुळे ते जमलं. मग चिंचोळी एमआयडीसीतल्या एका मशीनशॉपच्या मालकांनी विचारलं, क्रेटमध्ये आडवेतिडवे पडलेले पार्ट ओळखून रोबोटला उचलायला सांगता येईल का? तिथून आमचा खरा प्रवास सुरू झाला.

अडचण अशी की फोटोला उंची नसते, पार्टला असते, तोच ब्रॅकेट वरनं बघितला तर एल दिसतो आणि कुशीवर पडला की नुसती पट्टी. प्रश्न जुनाच आहे, १९६३ साली एमआयटीत लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी पीएचडीच्या प्रबंधात फोटोतल्या ठोकळ्यांच्या कडांवरनं त्यांचा त्रिमितीय आकार काढून दाखवला होता. पण ते ठोकळे स्वच्छ, आमचे पार्ट कूलंटने, म्हणजे मशीनवर थंड ठेवायला सोडतात त्या द्रवाने, चमकणारे.

पार्ट ओळखायला कॉम्प्युटरला शिकवायचं तर हजारो फोटो लागतात, आणि प्रत्येकात पार्टची जागा सांगणारे तीन आकडे नि फिरण्याचे तीन, असे सहा भरावे लागतात, हे हाताने करायचं म्हणलं तर जन्म जाईल. म्हणून आम्ही कस्टमरकडनं पार्टचं कॅड मॉडेल, म्हणजे कॉम्प्युटरवरचं त्रिमितीय ड्रॉइंग, घेतो, ब्लेंडर नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये खोटा क्रेट भरतो नि फोटो तिथेच काढतो, सहाही आकडे आपोआप मिळतात. त्यात उजेड, रंग, मागची बाजू, सगळं मुद्दाम वेडंवाकडं बदलत राहायचं, म्हणजे खरा शॉपफ्लोर कॉम्प्युटरला परका वाटत नाही. २०१७ च्या सुमाराला ही पद्धत संशोधनात पुढे आली आणि आमच्यासारख्या छोट्या फर्मला तीच परवडते, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात जास्त घाम काढला तो एका गोल फ्लँजने, म्हणजे जोडणीच्या चकतीने. कुठूनही फिरवा, सारखाच दिसतो, फरक फक्त एका बारीक कीवेचा, म्हणजे खाचेचा, आणि तोच खालच्या बाजूला गेला तर एका फोटोवरनं कोन सांगणं कुणालाच शक्य नाही, तज्ज्ञ असो की कॉम्प्युटर. अशा पार्टला आम्ही कॉम्प्युटरकडनं कोन मागतच नाही, रोबोट आधी उचलतो, दुसऱ्या कॅमेऱ्याला खालची बाजू दाखवतो, मग मशीनमध्ये लावतो. दोन-तीन सेकंद जास्त जातात पण पार्ट उलटा बसत नाही, आणि फोरमनला तेच पाहिजे असतं.

आता डाळिंब घेतलंय, पॅकिंगला मुकुट कुठल्या दिशेला आहे ते ओळखायचं. ह्याला कॅड मॉडेल नाही, प्रत्येक फळ वेगळं, त्यामुळे बागायतदारांकडनं फळं आणून डेप्थ कॅमेऱ्याने, म्हणजे अंतरही मोजणाऱ्या कॅमेऱ्याने, सगळ्या बाजूंनी स्कॅन करणं चालू आहे.